‘भरारी’ या शब्दाचा शब्दशः आणि लाक्षणिक अर्थ काय? उड्डाण, झेप आणि भरारी यांत फरक काय?

तुम्ही चार गोष्टी विचारल्यात. भरारीचा मूळ अर्थ काय, लाक्षणिक अर्थ काय, उड्डाण आणि झेप हे शब्द तिच्या जागी चालतात का, आणि तुमच्या रिपोर्टमधलं “यंदा कंपनीच्या नफ्यात भरारी झाली” हे वाक्य चालेल का. मी मुद्रितशोधनाचं काम करते, त्यामुळे हा शब्द माझ्यासमोर सारखा येत असतो, आणि पक्षी बघायची आवड असल्यामुळे तो ज्या दृश्यावरून आलाय ते दृश्यही बघायला मिळतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. घाईत असाल तर शेवटचे दोन परिच्छेद वाचलेत तरी काम होईल.

आधी शब्दशः अर्थ. भरारी म्हणजे पक्ष्याचं वेगानं वर वर जात उडणं. शब्द स्त्रीलिंगी, अनेकवचन भराऱ्या. आपण भरारी घेतो किंवा मारतो, ‘भरारी करणे’ असं कोणी म्हणत नाही. यात तीन गोष्टी एकदम येतात, एक वेग, दुसरी दिशा म्हणजे वर, आणि तिसरी जी बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही ती म्हणजे सलगपणा. चिमणी या फांदीवरून त्या फांदीवर गेली तर ती उडाली, भुर्रकन गेली, पण तिनं भरारी घेतली असं आपण म्हणत नाही. कोंबडी कुंपणावरून पलीकडे गेली तर तेही उडणंच झालं, पण तिथे भरारी शब्द लावला तर वाचणारा हसेल. भरारी म्हणायला पक्षी वर जायला हवा, आणि जातच राहायला हवा.

जुन्या काळी तर उडण्याच्या प्रकारांना वेगवेगळी नावं होती. महाभारतात कर्णपर्वात शल्य कर्णाला हंस आणि कावळ्याची गोष्ट सांगतो ती बऱ्याच जणांनी ऐकलेली असेल. त्यात कावळा हंसापुढे फुशारकी मारतो की मला उडण्याचे एकशे एक प्रकार येतात, आणि त्यातली कितीतरी नावं घडाघडा म्हणून दाखवतो. त्यात उड्डीन म्हणजे वरच्या दिशेनं उडणं आणि अवडीन म्हणजे खालच्या दिशेनं उडणं असे चक्क वेगळे शब्द आहेत. हंस म्हणतो मला बाबा एकच प्रकार येतो, सगळे पक्षी उडतात तसा. मग पैज लागते, दोघं समुद्रावर जातात, कावळा सुरुवातीला मस्त कसरती दाखवतो आणि मग दमून पाण्यात पडायला लागतो, शेवटी हंसच त्याला पाठीवर घेऊन परत आणतो. आपलं उड्डाण आणि उडणं हे शब्द याच ‘डी’ धातूच्या कुळातले. त्यातला ‘उत्’ म्हणजे वर, तो लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. भरारीचं कूळ मात्र मला कानाला वेगळं वाटतं, भर्रकन, भरभर या शब्दांच्या शेजारचं, म्हणजे त्यात पंखांचा आवाज आहे. पाणवठ्यावरून थवा एकदम उठतो तेव्हा जो आवाज येतो ना, तो या शब्दात ऐकू येतो.

आता गंमत अशी की जे पक्षी खरंच सगळ्यात उंच जातात त्यातल्या बऱ्याच जणांच्या पंखांचा आवाज जवळजवळ येतच नाही. घार बघा. सकाळी लवकर ती उंच जागी गप्प बसून असते, पंख जरा सैल सोडून, कारण तेव्हा उडणं तिला महागात पडतं. ऊन चढलं, जमीन तापली की ती निघते. सुरुवातीला चार-दोन जड फटकारे मारावे लागतात, ते दिसतात सुद्धा किती मेहनतीचे आहेत ते, मग मधेच ती पंख ताणून धरते आणि एका बाजूला कलते. इथून पुढे दुर्बीण असेल तर तिच्या शेपटीकडे बघा, कारण सगळा कारभार तिथे चाललेला असतो. ती किंचित दुभंगलेली शेपटी डावीकडे पिळते, उजवीकडे पिळते, सारखी, आणि पंखांच्या टोकाची पिसं बोटांसारखी फाकलेली असतात. वर्तुळं चालू होतात. प्रत्येक वर्तुळ आधीच्यापेक्षा थोडं वर. बघता बघता ती ठिपका होते आणि या सगळ्यात तिनं पंख मारलेले नसतात!

हे होतं कसं तर, ऊन पडल्यावर जमीन सगळीकडे सारखी तापत नाही. खडक, नांगरलेलं रान, डांबर लवकर तापतं, पाणी आणि हिरवळ उशिरा. जिथे जास्त तापतं तिथली हवा गरम होऊन हलकी होते आणि वर उठते, ग्लायडर उडवणारे लोक याला थर्मल म्हणतात. पक्षी त्या वर जाणाऱ्या हवेत शिरतो आणि बाहेर पडू नये म्हणून गोल गोल फिरत राहतो. खरं तर पंख न मारणारा पक्षी हवेच्या तुलनेत सतत खालीच येत असतो. म्हणजे वर जाणाऱ्या सरकत्या जिन्यावर एखादा सावकाश खाली उतरतोय, पण जिना त्याच्यापेक्षा जोरात वर चाललाय, तसं. समजा हवा सेकंदाला ३ मीटर वर जातेय आणि पक्षी त्या हवेत सेकंदाला १ मीटर खाली येतोय, तर जमिनीवरून बघणाऱ्याला तो सेकंदाला २ मीटर वर जाताना दिसतो, म्हणजे १०० सेकंदांत २०० मीटर, पंख न हलवता. वर हवा थंड होत जाते, पुरेसा ओलावा असेल तर तिथे कापसासारखा पांढरा ढग धरतो, म्हणून दुपारी असा ढग दिसला की त्याच्याखाली घारी, गिधाडं, गरुड फिरताना सापडण्याची शक्यता बरीच असते.

याचे आकडे बघितले की मला दरवेळी नव्यानं आश्चर्य वाटतं. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला काँडोर हा उडणाऱ्या पक्ष्यांमधल्या सगळ्यात वजनदार पक्ष्यांपैकी एक, १५ किलोपर्यंत भरतो, पंखांचा पसारा ३ मीटरच्या आसपास. त्याच्या अंगावर यंत्रं बसवून केलेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की हा पक्षी हवेत असण्याच्या वेळेपैकी साधारण एक टक्का वेळच पंख मारतो, आणि त्यातलेही बहुतेक फटकारे जमिनीवरून उठताना. एक काँडोर तर एकही फटकारा न मारता ५ तासांहून जास्त वेळ उडत राहिला आणि त्यानं १७२ किलोमीटर अंतर कापलं. उंचीचं म्हणाल तर आफ्रिकेतल्या रुपेल जातीच्या गिधाडाचं उदाहरण सगळे देतात, २९ नोव्हेंबर १९७३ रोजी आयव्हरी कोस्टमधल्या आबिजानच्या आकाशात एका प्रवासी विमानाला ते गिधाड धडकलं तेव्हा विमान ३७,००० फुटांवर होतं, म्हणजे ११ किलोमीटरच्या वर. आणि माणसानं इंजिन नसलेल्या विमानातून असंच उठत्या हवेचा आधार घेत काय केलंय तर, २ सप्टेंबर २०१८ रोजी पर्लन २ नावाचं ग्लायडर अर्जेंटिनात ७६,००० फुटांच्या वर गेलं. आधी दुसऱ्या विमानानं त्याला ओढून वर नेलं होतं, पुढचं सगळं पर्वतावरून उसळणाऱ्या हवेच्या लाटांवर.

सगळेच असे नाहीत हेही सांगायला हवं, नाहीतर अर्धीच गोष्ट होईल. पट्टकादंब हे हंसाच्या कुळातले पक्षी हिमालय ओलांडतात ते पंख मारत मारत, ७,००० मीटरच्या वर त्यांची नोंद झालेली आहे, आणि ते बऱ्याचदा रात्री किंवा पहाटे उडतात, कारण तेव्हा हवा थंड आणि त्यामुळे दाट असते, पंखाखाली धरायला काहीतरी मिळतं. तेही एकदा उंच जाऊन सरळ जात नाहीत, खाली डोंगर जसा चढतो-उतरतो तसे तेही चढतात-उतरतात, कारण वरच्या विरळ हवेत टिकून राहण्यापेक्षा उतरून पुन्हा चढणं स्वस्त पडतं. आणि चंडोल! तो तर एवढासा पक्षी, जमिनीवरून जवळजवळ सरळ वर चढत जातो, पंखांची अखंड फडफड आणि चढतानाच गाणं चालू. तेव्हा भरारी कष्टाची पण असते आणि आधारावरची पण.

आता लाक्षणिक अर्थ. भरारी म्हणजे मोठी, वेगवान, ठळक प्रगती. व्यवसायात भरारी घेतली, संशोधनात भरारी घेतली वगैरे. वर म्हणजे चांगलं हे आपल्या भाषेत इतकं मुरलेलं आहे की आपल्याला कळतही नाही. मघाचा तो ‘उत्’ आठवा, उन्नती, उत्कर्ष, उत्थान, उदय, उत्साह, सगळ्यांत तोच बसलाय. उन्नतीच्या उलट अवनती, अगदी उड्डीन-अवडीनसारखंच. त्यामुळे पक्ष्याच्या वर जाण्याचा शब्द माणसाच्या प्रगतीला लागला यात नवल नाही. पण तो लागताना काय घेऊन गेला आणि काय मागे ठेवलं ते बघण्यासारखं आहे.

‘कल्पनेची भरारी’ मध्ये उंची आहे पण शंकाही आहे. “काय सुंदर कल्पनेची भरारी आहे” असं कवितेबद्दल म्हटलं तर ते कौतुक, आणि “ही निव्वळ कल्पनेची भरारी आहे” असं कोणाच्या दाव्याबद्दल म्हटलं तर त्याचा अर्थ याला पुरावा नाही. शब्द तेच, फक्त ‘निव्वळ’ आल्यावर सगळं फिरलं.

‘भरारी पथक’ मध्ये तर उंची पूर्ण गळून गेलीय आणि फक्त वेग उरलाय. दहावी-बारावीच्या परीक्षेत कॉपी पकडायला येतं ते, निवडणुकीत आचारसंहिता लागल्यावर रोकड आणि दारू शोधत फिरतं ते, उत्पादन शुल्क खात्याचं असतं ते. इंग्रजीतल्या फ्लाइंग स्क्वॉडला हा मराठी शब्द बसला. लंडनच्या पोलिसांनी १९१९ साली असं पथक उभं केलं होतं, त्यांना ठाण्याच्या हद्दीचं बंधन नव्हतं, कुठेही जाऊन धाड टाकायची मुभा होती म्हणून ते ‘उडतं’. मराठीत भरारी हा शब्द घेतला तो मला फार नेमका वाटतो, कारण अचानक येणं आणि कोणाला चाहूल न लागता येणं हे शिकारी पक्ष्याचंच काम आहे. निवडणुकीत याच्या जोडीला नाक्यावर एका जागी थांबून तपासणी करणारं ‘स्थिर सर्वेक्षण पथक’ असतं, तो फरक बघितला की भरारी म्हणजे इथे फिरतं आणि झटपट हे लगेच कळतं.

आता उड्डाण, झेप आणि भरारी. तुम्ही विचारलंय की हे एकमेकांच्या जागी चालतात का. थोडेफार चालतात पण प्रत्येकाचं काम वेगळं आहे. उड्डाण हा सगळ्यात कोरडा, म्हणून बातमीला आणि तांत्रिक लिखाणाला बरा. विमानाचं उड्डाण झालं, उड्डाणं रद्द झाली, उड्डाणपूल. इथे भरारी घातलीत तर विनाकारण अलंकार होतो. झेप म्हणजे एका दमात, ठरवलेल्या जागेवर. वाघ झेप घेतो, ससाणा झेप घेतो, आणि त्या झेपेला समोर काहीतरी असतं, भक्ष्य किंवा पलीकडचा काठ. १६६६ साली शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले त्याला लोक गरुडझेप म्हणतात, भरारी नाही, आणि ते किती बरोबर आहे बघा, पहारा चुकवून एका दमात पलीकडे जाणं, निघायची जागा ठरलेली आणि पोचायची जागाही. भरारीला असा पलीकडचा काठ नसतो. ती चालू असते.

चांद्रयान-३ चं उदाहरण घ्या, १४ जुलै २०२३ ला ते निघालं तेव्हा सगळीकडे तीन प्रकारे लिहिलं गेलं. यानाचं उड्डाण यशस्वी झालं, यान आकाशात झेपावलं, आणि भारताची गगनभरारी. जरा थांबून बघा, उड्डाण आणि झेप यानाची आहे आणि भरारी देशाची! म्हणजे खरोखर जी वस्तू हवेत गेली तिला आपण भरारी म्हटलं नाही, जो जमिनीवर होता त्याला म्हटलं. हे कोणी ठरवून केलेलं नाही, भाषा वापरणाऱ्यांच्या हाताला तसं वळण पडलंय. आजच्या मराठीत भरारीचा लाक्षणिक अर्थ मूळ अर्थापेक्षा जास्त वापरात आहे असं माझं मत त्यामुळेच झालंय.

आणखी एक, भरारी नेहमी हव्याहव्याशा चढण्याला लागते. भाज्यांचे भाव वाढले तर ते कडाडले, भडकले, गगनाला भिडले. पारा चढला. पुराचं पाणी वाढलं. ‘महागाईची भरारी’ असं कोणी लिहिलं तर तो मुद्दाम मारलेला टोमणा होतो, सरळ विधान राहत नाही. इंग्रजीत याला ‘सोअर’ (soar) हे एकच क्रियापद धावून येतं, किमतीलाही आणि गरुडालाही, त्यामुळे भाषांतर करणारे इथे हमखास फसतात. शेअर बाजाराला उसळी हा शब्द आहेच, आणि तो जास्त खरा आहे, कारण उसळलेलं पाणी परत खाली येतं हे त्यात धरलेलं आहे.

पंखांवरून आलेले बाकीचे वाक्प्रचार सगळे असे उजळ नाहीत. “पंख फुटलेत आता त्याला” यात मोठा झाला याचा आनंद कमी आणि ऐकेनासा झाला ही तक्रार जास्त. पंख छाटणे तर उघडच आहे. घिरट्या घालणे म्हणजे तीच घारीची वर्तुळं, जिच्या जोरावर ती वर जाते, पण माणसाला लावलं की संशयास्पद, “तो माणूस सारखा इथे घिरट्या घालतोय.” त्या घारीवर यात अन्याय झालाय असं मला मनापासून वाटतं.

आणि इथेच मला एक म्हणायचंय. गौरवपत्रांत, वाढदिवसाच्या बॅनरवर, स्मरणिकेत “स्वबळावर गगनभरारी घेतली” हे वाक्य इतक्यांदा येतं की डोळ्यांना ते दिसेनासं होतं. मागे एका मानपत्राचा मजकूर माझ्याकडे तपासायला आला होता, एका शिक्षिकेचं होतं, त्यात वाक्य होतं की “बाईंनी शिक्षणक्षेत्रात स्वबळावर उत्तुंग गगनभरारी घेतली”. उत्तुंगही आणि गगनही आणि भरारीही, तिन्हींत उंची आलीच आहे. खालच्या परिच्छेदात मात्र लिहिलं होतं की बाई आधी बालवाडीत शिकवायच्या, सहकाऱ्यांनी त्यांचे तास वाटून घेतले म्हणून त्या पुढचं शिक्षण घेऊ शकल्या, मग त्यांनी शिक्षकांसाठी प्रशिक्षण वर्ग सुरू केले. मी ‘स्वबळावर’ आणि ‘उत्तुंग’ काढायला सुचवलं आणि ते सहकाऱ्यांचं वाक्य वर आणलं. भरारी तशीच ठेवली, कारण आता ती खरी वाटत होती. घार स्वबळावर ठिपका होत नाही, उठती हवा कुठे आहे हे तिला ओळखता येतं आणि ती तिथे टिकून राहते, हे तिचं कसब आहे आणि ते काही कमी नाही. ज्यांनी आधार दिला त्यांचं नाव घेतल्यानं कोणाची भरारी छोटी होत नाही. उलट ज्या प्रगतीत कोणी हात दिला, कोणती संधी आली, ती कशी पकडली हे लिहिलेलं असतं तिथे हा शब्द वाचताना काहीतरी डोळ्यांपुढे उभं राहतं, आणि जिथे नुसताच शब्द असतो तिथे काहीच राहत नाही.

वापरण्याबद्दल मी तरी एवढं बघते की ज्याची भरारी आहे तो खालून निघालाय का, त्याचं चढणं एका घटनेपुरतं आहे की चालू आहे, आणि चढणारा कोण आहे. तिसरी गोष्ट तुमच्या वाक्याला लागू पडते. भरारी घेणारा लागतो, पक्षी, माणूस, संस्था, देश, निदान मन किंवा कल्पना. नफा हा आकडा आहे, तो वाढतो, दुप्पट होतो, उच्चांक गाठतो, पण तो भरारी घेत नाही, आणि ‘नफ्यात भरारी झाली’ मध्ये तर घेणारा कोणीच नाही आणि क्रियापदही चुकलंय.

तर तुमचं वाक्य असं करा, “यंदा कंपनीचा नफा मोठ्या प्रमाणात वाढला” आणि पुढे नेमका आकडा द्या, रिपोर्टला तेच शोभतं. भरारी हवीच असेल तर प्रस्तावनेत कंपनीबद्दल लिहा, “गेल्या काही वर्षांत कंपनीने निर्यातीत भरारी घेतली आहे”, अर्थात सलग काही वर्षं निर्यात खरंच वाढत असेल तर. फक्त याच वर्षी वाढली असेल तर ‘झेप’ लिहा. आणि गगनभरारी लिहायची झाल्यास एकच शब्द, मधे जागा न सोडता.